स्वस्त तिजोरी किती भरवशाची? गटाचे पैसे पेटीत ठेवण्याआधी हे वाचा



मागच्या अंकात आपण कर्जाचं रजिस्टर कसं लिहायचं ते बघितलं. या वेळी मी एका पत्र्याच्या डब्याबद्दल लिहिणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. काळा गुळगुळीत रंग, पुढे फोनसारखी आकड्यांची बटणं, एक गोल मूठ, आणि कोड दाबला की लागणारा हिरवा दिवा. दुकानदार त्याला 'डिजिटल तिजोरी' म्हणतो. दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत मिळते. आपल्या काही गटांनी गटाची रोख आणि कागदपत्रं ठेवायला ती घेतली आहे. काही जणींनी स्वतःच्या दागिन्यांसाठी घरीही घेतली आहे.

त्यातल्या तीन गटांना ती मीच सुचवली होती. "कुलूप-किल्लीची कटकट नको, कोड टाकायचा, झालं" असं मीच बैठकीत म्हणाले होते. म्हणून हा लेख लिहिणं माझ्यावरच येतं.

काय झालं होतं

आपल्या एका गटात बारा जणी आहेत. गट जुना आहे आणि परतफेड चोख आहे. सुगीत सगळ्यांच्या हातात सोयाबीनचे पैसे आले म्हणून शुक्रवारी संध्याकाळच्या बैठकीत बचत आणि कर्जाचे हप्ते मिळून १८,६०० रुपये जमले. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. नंतर रविवार. पैसे तीन रात्री कोषाध्यक्ष मावशींच्या घरी, गटाच्या डिजिटल तिजोरीत राहिले.

सोमवारी मावशी आणि सचिव ताई बँकेत जायला निघाल्या. तिजोरी उघडली तर आत पासबुक होतं, रजिस्टर होतं, पैसे नव्हते. दार नीट बंद होतं. कुठे ओरखडा नाही, पत्रा वाकलेला नाही, कडी तुटलेली नाही.

मग काय बोललं गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. कोड दोघींनाच माहीत. पेटी मावशींच्या घरात. "खूण नाही म्हणजे कोड टाकूनच उघडली ना?" एकीने म्हटलं, दुसरीने मान हलवली, आणि आठ दिवसांत सगळ्या गावात झालं. पोलिसांत तक्रार दिली. मावशी बैठकीला यायच्या बंद झाल्या. कुणी त्यांच्याकडे मागितले नव्हते तरी त्यांनी दारची शेळी विकून ६,००० रुपये सचिव ताईंकडे नेऊन दिले. म्हणाल्या, "बाकीचे हळूहळू देते, पण माझं नाव नका घेऊ."

मला हे कळलं तेव्हा मी तिजोरी उचलून तालुक्याच्या बाजारात कुलूप-चावीवाल्या चाचांकडे घेऊन गेले. मला एवढंच विचारायचं होतं की, कोड न टाकता ही उघडता येते का? चाचांनी तिजोरी टेबलावर ठेवली, वरून तळहाताने धक्का दिला आणि त्याच वेळी मूठ फिरवली. पहिल्यांदा नाही उघडली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उघडली. ओरखडा नाही, काही नाही. चाचा म्हणाले, "मॅडम, या मालाचं असंच आहे. लोक माझ्याकडे बॅटरी संपली म्हणून घेऊन येतात, मी अशीच उघडून देतो."

पुढच्या बैठकीत आम्ही चाचांना बोलावून सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. ते पाहून बैठकीत कुणी काही बोललं नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तिजोरी धक्क्याने उघडते म्हणून चोर कोण ते कळलं, असं नाही. ते आजही कळलेलं नाही. पण "खूण नाही म्हणजे कोड माहीत असणारीनेच घेतले" हे जे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्याला आधार राहिला नाही. मावशींवर बोट ठेवायला दुसरं काहीच कारण नव्हतं. गटाने ठराव केला, तूट बारा जणींत वाटून घेतली, प्रत्येकीला १,५५० रुपये आले. मावशींच्या ६,००० मधून त्यांचा वाटा ठेवून बाकी ४,४५० त्यांना परत केले. शेळी मात्र परत आली नाही.

आता ही वस्तू आतून कशी असते ते बघू. एकदा समजलं की तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

पत्रा किती जाड?

तिजोरीचा जीव तिच्या पत्र्यात असतो. पत्रा मोजायची दोन मापं आहेत, मिलिमीटर आणि गेज. गेजचं गणित उलटं असतं. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, २० गेज म्हणजे ०.९, आणि २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. "बाविस गेज आहे ताई, एकदम हेवी" असं कुणी म्हणालं तर गालात हसा.

स्वस्त मालात काय करतात, तर दार बऱ्यापैकी जाड ठेवतात आणि बाजू, पाठ, तळ पातळ ठेवतात. आपण दुकानात दार उघडतो, दाराची कड बघतो, ठोकून बघतो आणि खूश होतो. कधी कधी दारही जाड नसतं. पातळ पत्राच कडेने दुमडून जाड असल्यासारखा दाखवलेला असतो, आत पोकळ. चोराला दाराशी काही देणंघेणं नसतं. तो तिजोरी उलटी करतो आणि पाठीच्या पातळ पत्र्यातून पहार किंवा छिन्नी घालतो.

पत्रा मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण वजनकाटा असतो. हे सोपं गणित लक्षात ठेवा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि १ मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचं वजन साधारण पाऊण किलो भरतं, काटेकोर सांगायचं तर ७३० ग्रॅम. एक फूट लांब-रुंद-उंच पेटीला सहा बाजू. म्हणजे,

– सगळीकडे १ मिलिमीटर पत्रा असेल तर पत्र्याचं वजन साधारण साडेचार किलो.
– २ मिलिमीटर असेल तर पावणेनऊ किलो.
– ३ मिलिमीटर असेल तर तेरा किलो.

कुलूप, दांडे, बिजागरी यांचं वजन वेगळं. आता दुकानदार म्हणाला, "सगळीकडून तीन एमएम आहे", आणि एवढ्या आकाराची तिजोरी काट्यावर सहा-सात किलो भरली, तर तो खोटं बोलतोय. वाद घालायची गरज नाही, काटा बोलतो. किराणा दुकानात किंवा गिरणीत काटा असतोच. आमच्या त्या तिजोरीचं मी नंतर वजन केलं. ती एवढ्याच आकाराची होती आणि सगळं धरून साडेसहा किलो भरली.

आणि वजनाचा दुसरा अर्थ बघा. भरलेला गॅस सिलेंडर साधारण तीस किलोचा असतो आणि तो आपण चुलीपर्यंत सरकवतोच. पाण्याचा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन आपण चढ चढतो. मग सहा-सात किलोची तिजोरी चोराला काय जड? त्याला ती उघडायचीसुद्धा गरज नाही. बगलेत मारायची आणि शेतात नेऊन सावकाश फोडायची. ठोकून न बसवलेली छोटी तिजोरी म्हणजे चोरासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं. घरातलं मोलाचं सगळं आपणच एका जागी जमा करून ठेवलेलं असतं.

कुलूप धक्क्याने का उघडतं?

बटणांचं कुलूप आतून असं असतं. तांब्याच्या तारेचं एक छोटं वेटोळं असतं आणि त्याच्या मध्ये एक लोखंडी पिन. पिनेखाली स्प्रिंग असते. स्प्रिंग पिनेला वर ढकलून ठेवते आणि पिन आडवी आल्यामुळे मूठ फिरत नाही. बरोबर कोड दाबला की बॅटरीचा करंट वेटोळ्यातून जातो. काही सेकंद ते लोहचुंबक बनतं आणि पिनेला खाली ओढून घेतं. पिन हटली की मूठ फिरते आणि दाराचे दांडे मागे सरकतात. याला सोलेनॉइड म्हणतात.

यात गोम अशी, की हे सगळं पेन्सिल सेलवर चालवायचं असतं. सेलची ताकद कमी, म्हणून स्प्रिंगही नाजूक ठेवावी लागते, नाहीतर चुंबकाला ती दाबता येणार नाही. स्प्रिंग नाजूक म्हणजे जोराचा धक्का बसला की पिन क्षणभर स्वतःच उडी मारते. खडबडीत रस्त्यावर रिक्षात आपण कसे उडतो, तसं. त्या क्षणी मूठ फिरली की झालं. चांगल्या कुलपात पिनेच्या जागी छोटी मोटर असते, किंवा धक्का बसला तरी अडवणारा दुसरा खटका असतो. त्याला खर्च येतो. दोन-तीन हजारांच्या मालात तो केलेला नसतो.

मी हे लपवून ठेवायचं का, असा विचार केला होता. मग वाटलं, चोरांना हे आधीच माहीत आहे. माहीत नाही ते फक्त आपल्याला.

लपवलेली किल्ली

अशा बहुतेक तिजोऱ्यांना किल्लीसुद्धा असते. बटणांजवळ एक छोटं झाकण किंवा कंपनीची पट्टी असते, तिच्यामागे कुलपाचं भोक. बॅटरी संपली तर उघडायला ही किल्ली. म्हणजे आपण कितीही अवघड कोड ठेवला तरी तिजोरी तेवढीच मजबूत, जेवढं ते छोटं किल्लीचं कुलूप. आणि स्वस्त मालात तेच सगळ्यात हलकं असतं. खोक्यावर किल्लीचा नंबर बघा. एकाच दुकानातल्या दोन तिजोऱ्यांचा नंबर सारखा निघाला तर एकीची किल्ली दुसरीला लागणार.

इथे एक हसायची आणि एक रडायची गोष्ट. आपल्या एका गटाने दोन्ही किल्ल्या जपून ठेवायच्या म्हणून तिजोरीच्या आतच ठेवल्या. पावसाळ्यात बॅटरी संपली. आता किल्ली आत, आणि दार बंद. त्याच दिवशी एका ताईंच्या मुलीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गटाने तातडीचं कर्ज मंजूर केलं होतं. पैसे डोळ्यांसमोरच्या डब्यात, पण हातात येईनात. शेवटी वेल्डिंगवाल्याने कटर लावून पाठ कापली. त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलीला वेळेवर नेता आलं, हे देवाचं देणं.

कोड

नवीन तिजोरीला कंपनीने घातलेला कोड असतो आणि तो सोबतच्या कागदावर छापलेला असतो. तो कागद सगळ्या खोक्यांत सारखाच. कोड बदलायचं बटण बहुतेक वेळा दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ असतं. बऱ्याच जणी कोड बदलतच नाहीत. बदलला तरी लग्नाचं वर्ष, मुलाचं जन्मसाल, नाहीतर १२३४.

आणि बटणांकडे नीट बघा. स्वयंपाक करता करता उठून बटणं दाबली की हळदीचे, तेलाचे डाग पडतात. चारच बटणं मळलेली असतील तर कोडाचे चार आकडे कोणते ते कळलंच. चार वेगवेगळे आकडे फक्त २४ तऱ्हांनी मांडता येतात. म्हणून बटणं पुसत जा, आणि दर तीन महिन्यांनी, तसंच पदाधिकारी बदलल्या की त्याच दिवशी कोड बदला.

"फायरप्रूफ आहे, ताई"

साधा पत्रा आगीत पैसे वाचवत नाही. लोखंड तापतं आणि आतली हवाही तापते. कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की करपू लागतो. घराला आग लागली तर उष्णता त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे नोटा, सातबारा, पासबुक आतल्या आत करपणार. सोनं १०६४ अंशांवर वितळतं, म्हणून ते बऱ्याचदा वाचतं, पण कागद नाही. खऱ्या अग्निरोधक तिजोरीच्या भिंती जाड असतात, दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता अडवणारा माल भरलेला असतो, आणि म्हणून ती खूप जड असते. पातळ पत्र्याच्या हलक्या तिजोरीवर 'फायरप्रूफ' लिहिलेलं असेल तर तो फक्त शब्द आहे.

पावसाळ्याचंही तेच. बंद पेटीत ओल धरते, नोटांना बुरशी येते. जमिनीवर ठेवली आणि बोल्टसाठीची भोकं उघडी राहिली तर वाळवीसुद्धा आत जाते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

घ्यायचीच असेल तर काय बघाल?

तिजोरी अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही. घरातली लहान मुलं, पाहुणे, येता-जाता हात मारणारा, यांच्यापासून ती नक्की वाचवते. पण ठरवून आलेल्या चोराला ती अडवत नाही. एवढं धरून घ्या आणि मग हे तपासा.

१. काट्यावर वजन करा आणि वरचं गणित लावा.

२. दारच नाही, बाजू आणि पाठ दाबून बघा. अंगठ्याने दाबल्यावर पत्रा आत जाऊन 'टक' वाजला तर परत ठेवा.

३. दार उघडं ठेवून कोड न टाकता, दांडे बाहेर असताना, वरून तळहाताने ठोका आणि मूठ फिरवून बघा. दांडे आत गेले तर ती तिजोरी घेऊ नका. दुकानदार "असं करू नका" म्हणाला तर कारण विचारा.

४. दांडे भरीव आहेत का, आणि हलवल्यावर लुटलुटतात का, ते बघा. आतलं झाकण प्लास्टिकचं असेल आणि त्याला दांडे अडकवलेले असतील तर नको.

५. खाली आणि मागे बोल्टची भोकं हवीत. बोल्ट कशात बसवणार ते आधी ठरवा. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीत बोल्ट धरत नाही. सिमेंट काँक्रीटची जमीन किंवा पक्की भिंत लागते. गवंड्याकडून बसवून घ्या.

६. शिक्का बघा. चोरीरोधक तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो. तो नंबर फोनवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. अशी तिजोरी महाग आणि जड असते आणि आपल्या गटाला ती लागतही नाही. पण कुणी 'बँक क्वालिटी' म्हणून विकत असेल तर हा नंबर मागा.

७. पक्कं बिल घ्या. आम्ही शे-दोनशे वाचवायला कच्च्या पावतीवर घेतली होती. नंतर तक्रार करायला हातात काही नव्हतं. पक्कं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी नाही. ऑनलाइन घेतली असेल तर बिल आणि जाहिरातीचा फोटो, दोन्ही जपून ठेवा. 'तीन एमएम', 'फायरप्रूफ' असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर तोच पुरावा.

खरं औषध: रोख राहूच देऊ नका

आता मुद्द्याचं. तिजोरी मजबूत करण्यापेक्षा तिच्यात ठेवायला कमीत कमी उरेल असं बघणं सोपं आणि फुकटचं आहे.

बैठकीचा वार बदला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आणि दर रविवारी बँक बंद असते, मग शुक्रवारी संध्याकाळी पैसे कशाला गोळा करायचे? सोमवार ते गुरुवार सकाळी बैठक घेतली तर पैसे त्याच दिवशी खात्यात जातात. बँक लांब असेल तर गावातल्या बीसी सखीकडे भरा आणि पावती रजिस्टरला चिकटवा. अंतर्गत कर्जाची मागणी असेल तर आलेले पैसे त्याच बैठकीत कर्ज म्हणून वाटा. फिरता पैसा कुणी चोरत नाही. हातातली शिल्लक किती असावी याचा ठराव करा. समजा १,००० रुपये. त्यापेक्षा जास्त रोख कुणाच्याही घरी रात्रभर राहणार नाही, असं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि रोख ठेवावीच लागली तर? आफ्रिकेतल्या नायजर देशात १९९१ साली 'केअर' या संस्थेने खेड्यातल्या बायकांचे बचत गट सुरू केले. आजूबाजूला बँक नव्हती. अशा गटांत पुढे एक पद्धत रुळली. लोखंडी पेटीला तीन कड्या, तीन वेगळी कुलपं. तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, आणि पेटी चौथीच्याच घरी. पेटी उघडते फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर. यात बॅटरी नाही, कोड नाही. कुणी पेटी फोडलीच तर कुलूप किंवा कडी तुटलेली दिसते, म्हणजे चौथीवर आळ येत नाही. आपल्या लोहाराकडून जाड पत्र्याची अशी पेटी करून घेता येते.

पेटी कुठलीही असो, दोघींनी पैसे मोजायचे आणि दोघींनी सही करायची. नोटा किती रुपयांच्या आणि किती, तेही लिहायचं. त्या शुक्रवारी मावशींनी एकटीने मोजून ठेवले होते. तेव्हा दुसरी सही असती तर त्यांच्या बाजूने निदान एक कागद तरी असता.

दागिन्यांबद्दल थोडक्यात. दोघी-तिघींचे दागिने गटाच्या पेटीत ठेवू नका, ती गटाची जबाबदारी नाही. बँकेच्या लॉकरची चौकशी करा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडं २,००० असेल तर दोन लाख. लॉकरमध्ये रोख मात्र ठेवायची नसते. रोखीसाठी खातंच बरं. तिथे एका बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हा लेख एकीने मोठ्याने वाचून दाखवा. मग तिजोरी असेल तर मध्यभागी आणून ठेवा, रिकामी करा आणि सगळ्यांसमोर धक्का देऊन बघा. उघडली तर तिच्यात फक्त रजिस्टर आणि शिक्का ठेवा. किल्ल्या आत असतील तर बाहेर काढा आणि पदावर नसलेल्या एका सदस्येकडे सही घेऊन द्या. सेल बदला, तारीख लिहून ठेवा. रोख शिल्लकीचा ठराव करा. तिजोरी धक्क्याने उघडली, तर ते मला महासंघाच्या कार्यालयात कळवा. मी यादी करते आहे. ज्या तीन गटांना मी सुचवली होती तिथे मी स्वतः जाऊन आले. तिन्ही उघडल्या.

कोषाध्यक्ष मावशी आता पुन्हा बैठकीला येतात. पहिल्यासारख्या दाराजवळ न बसता जरा मागे बसतात. पद त्यांनी सोडलं, पेटीला हात लावत नाहीत. मागच्या महिन्यात मी त्यांची माफी मागितली, कारण ती तिजोरी माझ्या शब्दावर आली होती. त्या म्हणाल्या, "तू लहान आहेस पोरी, तुला पत्र्याचं काय माहीत. पण ह्या सगळ्या मला वीस वर्षं ओळखतात."

मैत्रिणींनो, पत्रा कसा तपासायचा ते मी तुम्हाला सांगितलं. मावशींच्या या बोलण्याला काय उत्तर द्यायचं, ते मात्र तुम्ही बैठकीत बसून ठरवा.